प्रकरण संपलं म्हणून पुस्तक मिटू नका

ताई, नणंदेने दिलेली भयकादंबरी तुम्ही रोज रात्री अंथरुणात एक प्रकरण अशी वाचताय आणि 140 व्या पानावर अडकलाय. यजमान बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात रात्रपाळीला, खानापूरच्या घरी तुम्ही आणि सासूबाई. आता काळोखात परसात जायची छाती होत नाही, शिकलेली बाई असून घाबरते याची लाज वाटते, तर पुस्तक परत करू का, असं विचारलंय.

परत करू नका. आणि लाज कसली? अशा कादंबरीत लेखक फार थोडं दाखवतो. बंद दार, पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज. दार कसलं, कडी कुठली, ते आपण आपल्याच घरातलं घालतो. वाचताना छाती धडधडते, कान टवकारतात, आणि पुस्तक मिटलं तरी ते लगेच शमत नाही. म्हणून पावसात कौलांवर रोज होणारी खुडबूड त्या रात्री नेमकी ऐकू येते. तुम्ही मन लावून वाचताय, एवढाच त्याचा अर्थ.

गडबड होते ती थांबण्याच्या जागेमुळे. भयकादंबरीत प्रकरणाचा शेवट मुद्दाम लटकता ठेवतात. जिन्यावर पाऊल वाजतं आणि प्रकरण संपतं. तिथेच मिटलंत तर ते पाऊल रात्रभर जिन्यावरच राहतं. पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचा. बहुतेक वेळा तिथे सकाळ झालेली असते, कुणीतरी चहा टाकलेला असतो. खूण तिथे घाला.

वाचायची वेळही बदला. दुपारी जेवणं आटोपली की सोप्यात बसून 25-30 पानं, तासाभराच्या आत होतात. उरलेलं पुस्तक आठवड्यात संपेल. रात्रीच वाचायचं असेल तर झोपेआधी तासभर पुस्तक बाजूला ठेवा आणि उद्याचे तांदूळ निवडायला घ्या. करंट गेल्यावर मोबाईलच्या उजेडात मुळीच वाचू नका. पान तेवढं उजळतं आणि बाकीची खोली जास्तच काळी होते.

शेवटचं पान आधी उघडण्याचा मोह होईल. त्याने भीती जात नाही, कारण मनात बसलेलं असतं ते चित्र. शेवट कळून ते पुसत नाही, गंमत मात्र जाते. फारच जीव टांगला असेल तर नणंदेला एकच विचारा, ‘गोष्टीतलं ते पोर शेवटी जगतं ना?’ तेवढं चालतं. सकाळी भाकऱ्या थापताना सासूबाईंना गोष्ट सांगा. मोठ्याने सांगितली की निम्मी भीती उतरते.

एक मात्र खरं. घरात नुकतं कुणी गेलं असेल, किंवा तुम्हाला दिवस गेले असतील आणि गोष्ट नेमकी त्यावरच बोट ठेवत असेल, तर खुशाल बाजूला ठेवा. वर्षाने वाचा.

संपली की लगेच परत देऊ नका. पहिली 20 पानं पुन्हा काढा. तुम्ही भरभर उलटलेल्या त्या साध्यासुध्या पानांत लेखकाने काय काय पेरून ठेवलं होतं, ते तेव्हा दिसेल.