वाचकांचे प्रश्न : गांजापासूनची औषधे आणि घरातला शंकेखोर

प्रश्न : माझ्या पतींना नऊ वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणाची झीज करणारा आजार) आहे. रात्री त्यांचे पाय लाकडासारखे ताठ होतात आणि झोप मोडते. नेहमीच्या गोळ्यांनी पुरेसा गुण आला नाही, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांनी गांजातील घटकांपासून बनवलेला, तोंडात मारायचा फवारा सुचवला आहे. सासूबाईंनी तो शब्द ऐकताच डोळ्यांत पाणी आणले. त्यांच्या एका चुलतभावाचे गांजापायी ऐन तारुण्यात डोके फिरले होते. धाकटे दीर औषधनिर्माणशास्त्र शिकलेले आहेत. ते म्हणतात, "वहिनी, ही सगळी बाजाराने उठवलेली हवा आहे. पुरावा दाखवा." मी जमवलेले लेख त्यांच्यापुढे ठेवले, तर वाद अधिकच चिघळला. यांच्याशी बोलावे तरी कसे?

उत्तर : तुम्ही पत्रासोबत पाठवलेली लेखांची यादी मी वाचली. तीत सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत सोळा आजारांची नावे आहेत आणि माझ्या मते वाद तिथेच हातचा गेला. तुमच्या दिरांच्या जागी मी असतो तर मलाही शंका आली असती, कारण जे औषध सोळा आजारांवर चालते असे सांगितले जाते, ते बहुधा त्यांतल्या बऱ्याचशा आजारांवर नीट तपासलेलेच नसते. गांजा चांगला की वाईट, हा तुमच्या घरापुढचा प्रश्नच नाही. इतर औषधे करून पाहिल्यानंतर या एका रुग्णाच्या पायांच्या ताठरपणावर या एका फवाऱ्याचा उपयोग होईल का, एवढाच तो प्रश्न आहे. म्हणून उरलेली पंधरा नावे तुम्ही स्वतःहून मागे घ्या आणि तसे दिरांना सांगा. आपण होऊन मागे घेतलेल्या दाव्याने जेवढा विश्वास मिळतो, तेवढा नव्याने पुढे केलेल्या दहा लेखांनी मिळत नाही.

दीर औषधशास्त्राचे आहेत, तेव्हा त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलता येईल. या वनस्पतीत शंभराहून अधिक कॅनॅबिनॉइड्स, म्हणजे गांजातील खास रसायने आहेत, पण औषध म्हणून प्रामुख्याने दोन तपासले गेले आहेत : नशा आणणारा टीएचसी आणि तशी नशा न आणणारा सीबीडी. टीएचसीची रचना १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. १९८८ मध्ये तो मेंदूतील ज्या ग्राहकाला (पेशीवरील, ठरावीक रेणू पकडणाऱ्या जागेला) चिकटतो तो ओळखला गेला आणि १९९२ मध्ये आपले शरीर स्वतःच तयार करते असा, त्याच ग्राहकाला चिकटणारा रेणू सापडला. संस्कृतातील 'आनंद' या शब्दावरून त्याचे नाव आनंदामाइड असे ठेवले गेले. ही माहिती दिरांना रुचेल, मात्र तिच्यावर फार भार टाकू नका. यंत्रणा सापडली म्हणजे गुण सिद्ध झाला असे होत नाही, आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

भार टाकायचा असेल तर तो फवाऱ्याच्या वापराच्या नियमावर टाका. सॅटिव्हेक्स या नावाच्या या फवाऱ्याला ब्रिटनमध्ये २०१० साली परवानगी मिळाली. एका फवाऱ्यातून २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी मिळते, आणि दिवसाला बारा फवारे ही वरची मर्यादा आहे. इतर औषधांनी गुण न आलेल्यांना तो प्रथम चारच आठवडे द्यावा, आणि शून्य ते दहा अशा मापावर त्रास निदान २० टक्क्यांनी उतरला तरच पुढे चालू ठेवावा, असे तिथली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणजे त्रास आठ असेल, तर चार आठवड्यांनी तो साडेसहाच्या खाली दिसायला हवा. शंका घेणाऱ्या माणसाला याहून चांगली अट कुठली देता येईल? त्यामुळे "तुम्हाला पटले पाहिजे" असे म्हणत बसण्याऐवजी "कोणत्या आकड्यावर आपण हे बंद करायचे, ते आधी ठरवू" असे म्हणा.

एक साधा कागद घ्या आणि त्यावर चार रकाने आखा : तारीख, रात्री किती वेळा जाग आली, सकाळी उठल्याउठल्या ताठरपणाचा आकडा, आणि पायात मोजा स्वतः चढवता आला की नाही. फवारा सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून तो भरायला लागा, आणि शक्य असेल तर तो दिरांनाच सांभाळू द्या. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या घरी असाच कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. तिसऱ्या आठवड्यात आकडा फारसा हलला नव्हता, पण मोज्याच्या रकान्यात सलग पाच दिवस 'हो' आले होते. त्यावर घरात पुन्हा वाद झालाच, पण या खेपेस तो कागदावरच्या नोंदीबद्दल होता, आणि मी ती प्रगतीच मानतो.

दीर एक आक्षेप नक्की काढतील, त्याची तयारी ठेवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ च्या अहवालात दहा हजारांहून अधिक शोधनिबंधांचे सारांश चाळून असे नोंदवले, की मल्टिपल स्क्लेरोसिसमधील ताठरपणा कमी झाल्याचे रुग्ण स्वतः सांगतात त्याला भक्कम पुरावा आहे. मात्र डॉक्टर हाताने सांधा वाकवून जो ताठरपणा मोजतात, त्यातील सुधारणेचा पुरावा तोकडा आहे. हे लपवू नका. झोप कोणाची मोडते, याचे उत्तर तुमच्या बाजूचे आहे, पण आक्षेप खरा आहे.

सासूबाईंना मात्र यातले काही दाखवू नका. त्यांना पुरावा नको आहे, त्यांना भीती वाटते आहे, आणि ती भीती निराधार नाही. युरोपातील दहा आणि ब्राझीलमधील एका ठिकाणच्या रुग्णांवर आधारित, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टीएचसीचे प्रमाण दहा टक्के किंवा अधिक असलेला गांजा रोज वापरणाऱ्यांत मनोविकृतीचा पहिला झटका येण्याची शक्यता कधीच न वापरणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरे, पण त्यांच्या चुलतभावाचे उदाहरण हसण्यावारी नेण्याजोगे नाही. उलट त्यांच्याकडूनच ते सविस्तर ऐका आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. कुटुंबात अशा विकाराचा इतिहास असेल तर टीएचसी असलेले औषध देण्यापूर्वी त्याचा गंभीरपणे विचार करावा लागतो. सुरुवातीला चक्कर किंवा गुंगी येऊ शकते, त्या काळात पतींनी वाहन चालवू नये, हेही सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. आपण दिलेली माहिती उपयोगी पडली असे दिसले, तर त्यांचा विरोध बराचसा निवळेल असे मला वाटते.

प्रश्न : गांजा नैसर्गिक आहे, तो कर्करोगाच्या पेशी मारतो, काचबिंदूवर चालतो आणि त्याला मान्यता दिली की अफूवर्गीय गोळ्यांनी होणारे मृत्यू घटतात, हे सारे मी मित्रांना अनेकदा समजावले. ते हसण्यावारी नेतात. बंद मनाच्या माणसांना कसे पटवावे?

उत्तर : तुमचे मित्र हसतात ते योग्य नाही, पण चारही मुद्द्यांवर त्यांचे पारडे जड आहे. धोतराही नैसर्गिकच आहे. काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी अनेक पदार्थांनी मरतात. माणसाचा कर्करोग गांजाने बरा होतो असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही, आणि असे सांगितल्याने एखाद्याने खरे उपचार लांबवले तर त्याचे मोल फार मोठे आहे. डोळ्यातील दाब गांजाने उतरतो हे १९७१ पासून ठाऊक आहे, परंतु तो परिणाम जेमतेम तीन-चार तास टिकतो. म्हणजे काचबिंदू आटोक्यात ठेवायला रात्रंदिवस नशेत राहावे लागेल, आणि तेवढे काम डोळ्यात टाकायचे थेंब मुकाट्याने करतात.

चौथ्या मुद्द्याची कथा मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. २०१४ साली अमेरिकेतील राज्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९९ ते २०१० या काळात औषधी गांजाचे कायदे असलेल्या राज्यांत अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात दिसले, आणि समर्थकांनी तो आकडा डोक्यावर घेतला. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत वापरून काळ २०१७ पर्यंत वाढवला, तेव्हा संबंध उलटला : अशा राज्यांत मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी अधिक निघाले. म्हणजे गांजाने माणसे मारली असाही अर्थ नाही. राज्याराज्यांच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल बोलताच येत नाही, हा त्याचा अर्थ आहे. पहिला आकडा तुम्ही वापरलात तर दुसरा ऐकून घ्यावा लागेल. "मी चार गोष्टी सांगितल्या होत्या, त्या चारही मागे घेतो" एवढे मित्रांना एकदा म्हणून पाहा, आणि मग खालच्या उत्तरातील अपस्माराच्या चाचणीबद्दल त्यांना सांगा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे आणि मीच तो शंकेखोर आहे. 'औषधी' हा शब्द म्हणजे नशेला घातलेला पांढरा कोट आहे, असे माझे मत आहे. ते बदलावे असे काही आहे का?

उत्तर : काही प्रमाणात आहे. ड्राव्हे सिंड्रोम या अपस्माराच्या जहाल प्रकारात लहान मुलांना औषधे लागू पडत नाहीत. अशा १२० मुलांवर आणि तरुणांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. शुद्ध सीबीडी मिळालेल्यांमध्ये महिन्याला येणारे मोठे झटके मध्यकानुसार (चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणाऱ्या रुग्णाच्या आकड्यानुसार) १२.४ वरून ५.९ वर आले, तर निरौषधी द्रव मिळालेल्यांमध्ये ते १४.९ वरून १४.१ वर राहिले. गुंगी, जुलाब, यकृताच्या तपासण्यांत बिघाड हे त्रासही नोंदवले गेले. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एपिडायोलेक्स या नावाने या औषधाला परवानगी दिली. त्याने नशा येत नाही, तेव्हा तुमचा पांढरा कोट इथे बसत नाही.

दीर्घकाळच्या दुखण्याबद्दल मात्र तुमची शंका तज्ज्ञांमध्येही आहे. अकादमीच्या २०१७ च्या अहवालाने तिथे भक्कम पुरावा असल्याचे म्हटले, तर वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये अशा वापराला पाठिंबा देण्याचे नाकारले. शिवाय या चाचण्यांत एक अंगभूत अडचण आहे : खरे औषध मिळालेल्याला डोके हलके झाल्याचे जाणवते, आपल्याला कुठली कुपी मिळाली हे तो ओळखतो, आणि मग त्याची आशाही वेदनेवर काम करू लागते. तेव्हा अपस्मारावर मत बदला आणि दुखण्यावर शंका कायम ठेवा, असेच मी सुचवेन.

प्रश्न : आईची पाठ दुखते. मी इंटरनेटवरून सीबीडीचे तेल मागवून तिला रात्री देते. आमचे डॉक्टर असल्या गोष्टींची टिंगल करतात, म्हणून त्यांना सांगितलेले नाही. आई रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेते.

उत्तर : आज रात्रीचे तेल देऊ नका आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. यकृत ज्या मार्गाने वॉरफरिनचा निचरा करते, तो मार्ग सीबीडी अडवू शकते. त्यामुळे रक्त गरजेपेक्षा अधिक पातळ होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो. गोठण्याची तपासणी लवकर करून घ्यावी लागेल. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणावरही विसंबू नका : २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली अशी ८४ उत्पादने प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा त्यांपैकी २६ वरचेच प्रमाण बरोबर निघाले आणि १८ मध्ये टीएचसी सापडले.

डॉक्टरांनी टिंगल केली तर करू द्या. "सीबीडी चांगले आहे का" असे विचारू नका, त्यावर व्याख्यान ऐकावे लागेल. "आईने अमुक दिवस, रोज इतके थेंब, हे तेल घेतले आहे आणि ती वॉरफरिनवर आहे, तपासणी आज करू की उद्या?" एवढेच विचारा. बाटली सोबत न्या आणि आईच्या हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त दिसले, अथवा अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठले, तर सकाळची वाट पाहू नका.