नवरा मारतो, मुलीलाही मारतो आणि वकिलाला पैसे नाहीत. कायद्याची मदत कुठे मिळेल?

तुम्ही विचारलंय ते असं: थोरल्या बहिणीला नवरा दारू पिऊन मारतो, आता सात वर्षांच्या भाचीलाही पट्ट्याने मारलं. पोलिसांनी एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली, नवऱ्याकडून स्टॅम्पपेपरवर 'यापुढे मारहाण करणार नाही' असं लिहून घेतलं आणि दोघींना परत नांदायला पाठवलं. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. आता दोघी तुमच्याकडे माहेरी आहेत आणि वकिलाची फी परवडत नाही.

मी सातारा जिल्ह्यात तालुका न्यायालयात वकिली करते, विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहे. माझ्याकडे येणारी बरीच प्रकरणं अशीच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फीचं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. बहीण कमावती असली, माहेरची शेती असली तरी फरक पडत नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. तिथे साधा अर्ज द्यायचा, किंवा आधी विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करून विचारायचं. वकिलाच्या फीबरोबर कोर्टाचा खर्चही त्यातच येतो. नेमलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. 'फुकटचा वकील मन लावून लढत नाही' असं लोक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. आमच्या पॅनेलवरची माणसं या बायकांसाठी जीव तोडून उभी राहताना मी पाहिली आहेत.

आता तो स्टॅम्पपेपर. त्याची झेरॉक्स जपून ठेवा, आधीही तक्रार गेली होती एवढं त्यातून दिसेल. पण बहिणीचं रक्षण त्याने होत नाही. नवऱ्याने तो कागद मोडला म्हणून पोलीस त्याला उचलणार नाहीत. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो स्वतंत्र गुन्हा होतो, दखलपात्र (पोलीस कोर्टाला न विचारता अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही), एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमची सगळी धावपळ या आदेशासाठी हवी. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली, आमच्या भाषेत 'डीव्हीची केस' टाकून, तो मिळतो. बहीण सध्या राहते तिथल्या, म्हणजे तुमच्याच तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

पहिली गाठ संरक्षण अधिकाऱ्यांची घ्या. महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात त्यांचा पत्ता लागेल. 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्येही सांगतील. ते घटनेचा अहवाल एका ठरावीक नमुन्यात भरून कोर्टात पाठवतात. हा अहवाल नीट भरला जाणं फार महत्त्वाचं आहे. 'कधी मारलं?' असं विचारलं की बहुतेक बायका 'नेहमीच' म्हणतात, आणि अहवालात तेवढंच उतरलं तर समोरचा वकील त्याच्या चिंधड्या करतो. मागे एका बाईंना तारीख आठवेना. मी म्हटलं, सण आठवा. मग त्यांनी सांगितलं: बेंदराचा दिवस, पोळ्या लाटत होत्या, नवऱ्याने लाटणं हिसकावून मनगटावर मारलं, शेजारच्या काकू मध्ये पडल्या. कॅलेंडर उघडलं, तारीख सापडली. कशाने मारलं ते कळलं, साक्षीदारही मिळाली. दुसऱ्या दिवशीचा सरकारी दवाखान्याचा केसपेपर त्यांच्याकडे होता, पण त्यावर लिहिलं होतं 'घसरून पडल्याने'. लाजेखातर त्यांनीच डॉक्टरांना तसं सांगितलं होतं. तुमच्या बहिणीला आणि भाचीला अजून वळ असतील तर आजच सरकारी दवाखान्यात न्या आणि कुणी मारलं ते स्पष्ट सांगा. फोटो काढा. त्याच्या शिव्यांचे, धमक्यांचे मेसेज पुसू नका.

अर्जात काय मागायचं ते वकिलाला ठणकावून सांगा: मारहाणीला मनाई, बहिणीला आणि भाचीला दरमहा खर्च, भाचीचा ताबा, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्क. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सून तिथे राहू शकत नाही, असं आता म्हणता येत नाही. 2020 च्या सतीश अहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. बहिणीला परत जायचं नसेल तर वेगळ्या घराचं भाडं मागा. त्याच वर्षीच्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची आणि दोघांनीही मिळकतीचं शपथपत्र द्यायचं, त्यामुळे 'मला काही कमाई नाही' एवढं तोंडी सांगून तो सुटत नाही. साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत जातात. म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, आदेशाचा अर्ज पहिल्याच दिवशी सोबत जोडायला लावा.

पोलिसांकडे पुन्हा जायचं असेल तर एन.सी.वर थांबू नका. नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या क्रूरतेचं कलम पूर्वी 498-अ होतं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 85 झालंय. तक्रार स्वतः बहिणीने किंवा तिच्या रक्ताच्या नातेवाइकाने, म्हणजे तुम्हीसुद्धा, दिली तर गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यात घेतली नाही तर तीच लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती सांभाळा. जिवावर बेतलं तर अर्थातच 112.

भाचीचं प्रकरण आईच्या केसमध्ये शेवटच्या ओळीत 'मुलीलाही मारतो' असं लिहून संपवू नका. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याला मारहाण केली, तर बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 75 खाली तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. सख्खा बाप त्यातून सुटत नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे तिला घेऊन जा. समिती मूल हिसकावून घेते ही भीती घरोघर असते. आई सांभाळायला समर्थ असताना मूल आईजवळच राहावं, हाच कायद्याचा कल आहे.

तुम्ही विचारलं नाही, तरी हे लिहायलाच हवं. मुलीच्या बोलण्यातून कधी नकोशा स्पर्शाबद्दल काही आलं, मग तो कुणाचाही असो, तर तिला खोदून खोदून विचारू नका आणि चारचौघांत पुन्हा बोलायला लावू नका. ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. ताजी घटना असेल तर कपडे धुऊ नका, लगेच सरकारी दवाखान्यात न्या. उपचार मोफत होतात. तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा कायदा लागतो आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरातल्या घरात मिटवायची मोकळीक कुणालाच नाही, आजीआजोबांनाही नाही. जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं, आणि मुलीचं नाव कुठेही छापता येत नाही.

या सगळ्यात तिची शाळा बुडत असेल. नवरा दाखला काढू देत नाही म्हणून कित्येक मुलं माहेरी आल्यावर घरीच बसलेली असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा जिल्हा परिषदेची शाळा प्रवेश अडवू शकत नाही. उद्याच तिला घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. दाखला ते जुन्या शाळेकडून मागवून घेतील.