इंदुरातल्या माझ्या जुन्या पेट्रोल कारचा इंधन फिल्टर टाकीमागे अडकलाय, नट गंजलेत. टाकी उतरवावी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. आधी पेट्रोलच्या पाइपातलं प्रेशर काढा: पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा, आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावाच.

इंदुरात इतके पावसाळे काढलेल्या गाडीत खरं काम नटांचंच. ब्रशने घासा, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. गॅसची ज्योत अजिबात नको! दोन पाने वापरा: एकाने फिल्टरचा षटकोनी भाग धरा, दुसऱ्याने नट फिरवा, नाहीतर पाइप पिळला जातो आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनाच्या दिशेने, वॉशर नवे. शेवटी फ्यूज-बॅटरी जोडून किल्ली दोन-तीनदा ऑन करा आणि जोडांवरून कोरडा कागद फिरवून पेट्रोल गळतंय का बघा.