मोजणाऱ्याचा हात मोकळा हवा

बडोदे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पर्यावरण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम संपत आला आहे आणि पुढे हवेची मोजणी, मॉडेलिंग (म्हणजे धूर कसा पसरेल याचा गणिती अंदाज) की प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोकरी, असा प्रश्न तू विचारला आहेस. तुझा ओढा मॉडेलिंगकडे आहे हेही तू मोकळेपणाने लिहिले आहेस. माझे मत असे आहे की निदान पहिली दोन वर्षे तू मोजणीला द्यावीस. या क्षेत्रातला प्रत्येक निर्णय, मग तो कारखाना बंद करण्याचा असो की नव्या कारखान्याला परवानगी देण्याचा, शेवटी एका आकड्यावर उभा असतो. तो आकडा धुराड्याच्या फलाटावर किंवा तराजूच्या खोलीत जन्माला येतो, आणि तो जन्मताना ज्याने पाहिलेला नाही तो माणूस त्याच्यावर एक तर आंधळा विश्वास ठेवतो, नाही तर सरसकट अविश्वास दाखवतो. दोन्हींनी सारखेच नुकसान होते.

पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण, मोजण्याची साधी पद्धत घे. यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढते, म्हणजे दिवसभरात सुमारे २४ घनमीटर. आपल्या देशाचे २००९ सालचे मानक २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. हवा नेमकी त्या मर्यादेवर असेल, तर दिवसभर चालवलेल्या फिल्टरवर दीड मिलिग्रॅमसुद्धा धूळ बसत नाही. तो फिल्टर आधी एकदा आणि नंतर एकदा तोलायचा आणि दोन वजनांतली वजाबाकी करायची. त्या वजाबाकीत दशांश मिलिग्रॅमची चूक झाली, तर निकालात घनमीटरमागे ४ मायक्रोग्रॅमचा फरक पडतो. म्हणून तोलण्याआधी फिल्टर ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवायचा, चिमट्याने फक्त कडेला धरायचा, त्याच्यावरचा स्थिर विद्युतभार घालवायचा आणि तराजूचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे. बडोद्याच्या पावसाळ्यात खोलीचे दार जरा वेळ उघडे राहिले, तरी कोरा फिल्टर ओलावा धरून जड होतो. म्हणूनच मोजलेल्या फिल्टरांबरोबर काही कोरे फिल्टर प्रवासाला पाठवून तसेच परत आणायचे आणि त्यांचेही वजन करायचे, असा दंडक आहे. कोऱ्या फिल्टरांच्या नोंदी ठेवणारी प्रयोगशाळा दिसली की तिच्या बाकीच्या आकड्यांवरही मी विश्वास टाकू लागतो.

धुराड्यावरची मोजणी याहून कठीण आहे. तिथे शिडी चढून फलाटावर जावे लागते, नमुन्याच्या भोकावरच्या गंजलेल्या झाकणाचे (फ्लँजचे) बोल्ट सोडवावे लागतात आणि पिटॉट नळीने वायूचा वेग मोजून त्याच वेगाने नमुना ओढावा लागतो. आपण कमी वेगाने ओढले, तर जड कण आपल्या जडत्वाने सरळ तोटीत शिरतात आणि धूळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. जास्त वेगाने ओढले, तर उलट घडते. पंपाची खुंटी थोडीशी जास्त फिरवली की कारखाना कागदावर स्वच्छ होतो, आणि अहवालात त्याचा मागमूसही राहत नाही. खाली बॉयलरचे लॉगबुक पाहायला मात्र कधी विसरू नकोस. मोजणीच्या दिवशी बॉयलर निम्म्या भारावर चालवलेला मी अनेकदा पाहिला आहे. फलाटावरची मोजणी अगदी नियमाप्रमाणे झालेली असते, पण ती त्या कारखान्याच्या रोजच्या धुराची नसते. दुसरी युक्ती पंख्याची आहे. ज्यादा हवा सोडून धूर पातळ केला की घनमीटरमागची धूळ कमी दिसते आणि आकाशात जाणारी एकूण धूळ तेवढीच राहते. लहान बॉयलरांचे आकडे, धुरात १२ टक्के कार्बन डायऑक्साइड असता तर किती धूळ दिसली असती, अशी दुरुस्ती करून मांडायचे असतात ते याचसाठी. अहवालात ती दुरुस्ती दिसली नाही, तर तो अहवाल सरळ परत पाठवावा.

आता तुझ्या आवडीच्या गणिताकडे येतो. एखाद्या धुराड्यातला धूर वाऱ्याबरोबर पसरत जाताना मध्यभागी दाट आणि कडेला विरळ होत जातो, त्याचे साधे रूप म्हणजे गॉसियन प्लूम हे सूत्र. त्यात वातावरणाच्या स्थैर्याचे ए ते एफ असे सहा वर्ग ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ साली मांडले, आणि आज परवानगीसाठी चालवल्या जाणाऱ्या एरमॉडसारख्या संगणक प्रणाल्या स्थैर्याचा विचार पुष्कळ सुधारित रीतीने करतात. स्थैर्य समजायला तुला लांब जायला नको. उत्तरायणाच्या दिवशी रावपुऱ्यातल्या कुठल्याही गच्चीवर सकाळी सातला पतंग चढत नाही, पोरे कंटाळून खाली उतरतात, आणि दहा-अकरानंतर तोच पतंग हातातून सुटू पाहतो. रात्री जमीन उष्णता गमावते, तिच्या लगतची थंड हवा खाली बसून राहते आणि वरचा वारा तिच्यात उतरत नाही. ऊन चढले की हवा ढवळू लागते आणि वरचा वेग जमिनीपर्यंत पोहोचतो. पतंगाला वारा मिळत नाही त्या वेळी गल्लीतल्या स्कूटरच्या आणि शेकोटीच्या धुरालाही वर जायला वाट नसते. उंच धुराड्याची गोष्ट वेगळी असते. त्याचा धूर रात्रभर वरच्या थरात अडकून राहतो आणि सकाळी तो थर मोडला की एकदम खाली येतो. कोयली-नंदेसरीकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या गावांमधल्या लोकांनी सकाळच्या विशिष्ट वेळी वास येतो असे सांगितले, तर ती तक्रार भ्रम म्हणून सोडून देऊ नकोस. त्या वेळेला शास्त्राचा आधार असू शकतो.

ज्या शांत रात्रींना हवा सर्वांत वाईट असते, तिथेच हे सूत्र सर्वांत दुबळे ठरते, हे मी तुला आवर्जून सांगतो. वाऱ्याचा वेग सूत्रात भाजक म्हणून बसलेला असल्यामुळे वेग शून्याकडे गेला की उत्तर अनंताकडे धावते. म्हणून प्रणालीत वेगाला एक किमान मर्यादा घातलेली असते किंवा शांत तास गाळलेले असतात. गाळलेले तास किती आहेत, हे अहवालात शोध. शिवाय मॉडेलला धुराचे प्रमाण आपण पुरवलेले असते, आणि ते बहुतेक वेळा परवान्यात लिहिलेल्या कमाल मर्यादेवरून घेतलेले असते. म्हणजे कारखाना मर्यादा पाळतो असे आधीच गृहीत धरायचे आणि मग हवा सुरक्षित राहील असा निष्कर्ष काढायचा. मॉडेलचे अंदाज प्रत्यक्ष मोजणीच्या निमपट ते दुप्पट एवढ्या टप्प्यात आले, तरी तज्ज्ञ समाधान मानतात. तेव्हा परवानगीच्या अहवालात दशांश चिन्हानंतर दोन आकडे पाहिलेस, तर त्या अचूकतेला भुलू नकोस.

आणखी एक गोष्ट, आपल्या शहरासाठी खास महत्त्वाची. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली आणि तिच्या आसपास खते, पेट्रोरसायने आणि लहानमोठे रासायनिक कारखाने असा पट्टा शहराच्या वायव्येस उभा राहिला. अशा ठिकाणी सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अमोनिया हे वायू हवेत एकत्र येतात आणि त्यांच्यातून अमोनियम सल्फेट व नायट्रेटचे सूक्ष्म कण हवेतच तयार होतात. ते कण कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडलेले नसतात, त्यामुळे कोणत्याही धुराड्यावरच्या धुळीच्या मोजणीत ते सापडत नाहीत. शहरातल्या फिल्टरवर मात्र ते येऊन बसतात. म्हणून फिल्टरचे रासायनिक पृथक्करण शिकून घे. कोणता कण कुठून आला हे उलट्या दिशेने शोधण्याचे जे गणित आहे, ते तुझ्या स्वभावाला मानवेल असे मला वाटते.

तू विचारले आहेस की कारखान्यांकडून पैसे घेऊन त्यांचीच तपासणी करणाऱ्या खासगी प्रयोगशाळेत नोकरी करणे योग्य आहे का. हा प्रश्न मला तुझ्या सगळ्या पत्रात महत्त्वाचा वाटला, आणि त्याचे उत्तर आपल्याच राज्यात शोधले गेले आहे. गुजरातमध्ये प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून पर्यावरणीय तपासणी करून घ्यावी लागे, आणि तो परीक्षक कारखानाच निवडत असे, पैसेही तोच देत असे. एस्थर ड्युफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठी टाकून नेमून दिले, त्यांचे मानधन एका सामाईक निधीतून ठरावीक रकमेने दिले आणि त्यांच्या मोजणीची अधूनमधून फेरतपासणी केली. जुन्या पद्धतीतल्या अहवालांमध्ये धुळीचे आकडे १५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर या मर्यादेच्या किंचित खाली दाटीने जमलेले होते. फेरतपासणीत तशी दाटी आढळली नाही. नव्या पद्धतीतल्या परीक्षकांनी खोटे ‘मर्यादेत आहे’ असे लिहिण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले, आणि खरे आकडे बाहेर येऊ लागल्यावर त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. यंत्रे तीच होती, पद्धतही तीच होती. बदलले ते परीक्षक नेमणारे, पैसे देणारे आणि फेरतपासणी करणारे हात.

याच मंडळींनी दुसऱ्या एका अभ्यासात असेही पाहिले की काही कारखान्यांच्या तपासण्या नुसत्या वाढवल्याने प्रदूषण फारसे घटले नाही, कारण कोणता कारखाना जास्त वाईट आहे हे मंडळाच्या अधिकाऱ्यांना आधीच बरेचसे ठाऊक होते आणि ते आपल्या अक्कलहुशारीने तिथे आधीपासूनच जात होते. मंडळातला क्षेत्र अधिकारी हा केवळ शिक्के मारणारा नसतो, हे तुझ्या पिढीने ध्यानात घ्यावे. तुझ्या पत्रात त्यांच्याविषयी जो तुच्छतेचा सूर आहे तो मला पटला नाही.

सुरतेत २०१९ पासून जे सुरू झाले ते तर मुळातून अभ्यासण्यासारखे आहे. धुळीच्या उत्सर्जनाचा बाजार जगात पहिल्यांदा तिथे उभा राहिला. धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रे बसवली, सर्व कारखान्यांच्या एकूण धुळीवर एक मर्यादा घातली आणि प्रत्येकाला किलोग्रॅमच्या हिशेबाने परवाने दिले, जे ते आपापसांत विकू शकतात. सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासात दिसले. हिशेब किलोग्रॅममध्ये झाला की पंख्याने धूर पातळ करण्यात काही फायदा उरत नाही, हे तुझ्या लक्षात आलेच असेल. पण तिथेही सगळे त्या सतत मोजणाऱ्या यंत्रावर उभे आहे. त्याची काच धुळीने माखते, शून्य सरकते, धूर पाण्याने धुणाऱ्या स्क्रबरनंतर बसवले तर थेंबांनाही ते धूळ समजते. आणि ते खरे बोलते की नाही हे ठरवायला पुन्हा कोणीतरी शिडी चढून फिल्टरवर नमुना घ्यावाच लागतो. ती शिडी चढणारी तू असावीस, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा त्या प्रयोगशाळेत खुशाल जा, पण रुजू होण्यापूर्वी त्यांच्या जुन्या फील्डशीट, म्हणजे मोजणीच्या जागेवर भरलेले नोंदींचे कागद, पाहायला माग. पेनाने लिहिलेल्या, खाडाखोड असलेल्या, जागेवरच तारीख-वेळ घातलेल्या शीट दिसल्या तर काम शिकायला मिळेल. सगळ्या शीट एकाच अक्षरात, एकाच शाईत, स्वच्छ असतील तर तिथे थांबू नकोस. कोऱ्या शीटवर सही मागितली, तर त्याच दिवशी नोकरी सोड. हवा अधिनियम १९८१ सालचा आहे, २०२४ पासून त्यात फौजदारी शिक्षेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आली आहे. पण दंड कोणाला आणि किती, हे तुझ्या सहीच्या कागदावरूनच ठरणार आहे.

शाळांच्या गच्च्यांवर स्वस्त सेन्सर बसवण्याचा तुझा बेत मला आवडला. ते सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात आणि दमट हवेत पाणी पिऊन फुगलेले कण त्यांना मोठे दिसतात, म्हणून ते पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या पहाटे जास्त आकडा दाखवतात. सगळे सेन्सर आधी एखाद्या प्रमाणित केंद्राच्या शेजारी महिनाभर एकत्र ठेव, आर्द्रतेची नोंद जोडीने घे, प्रत्येकाची स्वतंत्र दुरुस्ती काढ आणि मगच शाळांना वाट; ऋतू बदलला की पुन्हा एकदा सर्व शेजारी आण. पहिल्या महिन्याचे कच्चे आकडे, न सुधारता, मला पाठव.

तुझा हितचिंतक