पाटीवर १०७५, मग गाडी कुठली?

प्रश्न : फोर्ड जीटी ४० या साठच्या दशकातल्या शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती विकत मिळते आहे. फिकट निळा रंग, मधोमध नारिंगी पट्टा, दारावर ६ आकडा. आतल्या पाटीवर चासी नंबर १०७५ कोरलाय. मालक म्हणतात, ती नुसती शोभा. बॉडी फायबरची, इंजिन फोर्डचं व्ही-८, गिअरबॉक्स पोर्शेचा. घ्यावी का?

उत्तर : शोभाच असेल तर सौद्याआधी ती काढून द्यायला सांगा. दोन स्क्रूंचं काम आहे. मालक कां-कूं करायला लागले, तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

१०७५ हा काही साधा आकडा नव्हे. त्या एकाच गाडीनं १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत मारली. ६ आकडा दुसऱ्या वर्षीचा. तेव्हा शर्यत सुरू होताना ड्रायव्हर पळत जाऊन गाडीत उडी मारत आणि पट्टा न बांधताच सुटत. या गाडीचा ड्रायव्हर जॅकी इक्स मात्र त्या पद्धतीच्या निषेधार्थ सावकाश चालत गेला, पट्टा नीट आवळला आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. दिवस-रात्र गाडी पळवून शेवटी पोर्शेला हरवलं ते जेमतेम शे-सव्वाशे मीटरनं! असा नंबर दुसऱ्या गाडीवर ठोकणं मला खटकतं. प्रतिकृती असण्यात कमीपणा नाही, पण नोंदणीच्या कागदावर तिचं खरं बांधणीचं वर्ष आणि तिचा स्वतःचा चासी नंबर हवा. तो चासीवर ठोकलेल्या नंबराशी जुळवून बघा. पाटीशी नव्हे.

फायबरवर नाक मुरडू नका. मूळ गाडीची बॉडीही फायबरचीच होती. फरक आहे तो खाली. मूळ सांगाडा पोलादी पत्रे जोडून केलेला मोनोकॉक, म्हणजे पत्र्यांची पेटीच सगळा भार पेलते, तर बऱ्याच प्रतिकृतींना पाइपांची चासी. ती वाईट नसते, वेल्डिंग वाईट असतं. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा आणि सस्पेन्शनचे हात जिथे चासीला धरतात तिथले जोड बघा. तिथे ताजा काळा रंग दिसला, तर मी पहिल्यांदा तोच खरवडतो.

पोर्शेच्या गिअरबॉक्सबद्दल मालकांना नेमकं विचारा. पोर्शेच्या ९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे असतो. जीटी ४० मध्ये सगळं उलट : इंजिन मागच्या चाकांच्या पुढे, गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे. तसाच उचलून बसवला तर पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला बाकी सगळे! म्हणून कोणी आतलं क्राउनव्हील (चाकांकडे जोर पोचवणारं मोठं दातेरी चक्र) दुसऱ्या बाजूला घेतात, तर कोणी अख्खा बॉक्सच पालथा बसवतात. पालथा असेल तर ऑइल सगळ्या गिअरांपर्यंत पोचण्यासाठी काय केलंय, ते विचारा. उत्तर 'बघावं लागेल' असं आलं, तर गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

रेडिएटर नाकात, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. मधल्या लांब नळ्यांत हवा अडकली की पाणी फिरत नाही. मी तपासलेली एक प्रतिकृती चालती असताना गुणी होती. उभी करून इंजिन चालू ठेवलं, तर पंधराव्या मिनिटाला काटा लाल रेघेवर. म्हणून नुसती चक्कर मारून येऊ नका, अर्धा तास जागेवर चालू ठेवा.

आणि तुम्ही उंची कळवली नाहीत. नावातले ४० म्हणजे गाडीची इंचांतली उंची, जेमतेम एक मीटर. दाराबरोबर छपराचाही तुकडा उघडतो. मी आत बसलो तेव्हा ऐसपैस वाटलं होतं, दार ओढून घेतल्यावर तोच तुकडा टाळूवर आला. शर्यतीचा ड्रायव्हर डॅन गर्नी इतका उंच, की १९६७ साली त्याच्या हेल्मेटसाठी छपराला फुगवटा काढावा लागला. तुम्ही सहा फुटांच्या आसपास असाल, तर हेल्मेट घालून बसा आणि दार लावून बघा. पाटीचं त्यानंतर बोलू.