पहाटे मासे वर येतात, हा रोग नाही

दादा, तुम्ही लिहिलंय की आठवडाभर रोज पहाटे पाचच्या सुमाराला कटला-रोहू वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, दहा वाजले की सगळं नॉर्मल, आणि पाणी हिरवंगार आहे म्हणजे ऑक्सिजन भरपूर असणार, मग रोगाचं औषध टाकू का. औषध टाकू नका. मासे गुदमरतायत, आणि ते हिरवं पाणीच त्याला कारण आहे.

शेवाळ ऑक्सिजन देतं हे शाळेत शिकलेलं लक्षात राहतं, पण ते स्वतः श्वास पण घेतं आणि चोवीस तास घेतं, हे आपण विसरतो. ऊन आहे तोवर बनवतं जास्त, वापरतं कमी, म्हणून दुपारी तीन-चारला तळ्यात ऑक्सिजन सगळ्यात जास्त. दिवस मावळला की बनवणं बंद आणि वापर चालूच, त्यात मासे, तळाचा गाळ, उरलेलं खाद्य कुजवणारे जिवाणू सगळे त्याच पाण्यातून ओढतायत, त्यामुळे उजाडायच्या आधी शिल्लक काही राहत नाही. चार दिवस आभाळ भरून राहिलं तर दिवसाची कमाई पण नाही.

मुळात पाण्यात असतोच किती? एक लिटर हवेत साधारण २१० मिली ऑक्सिजन, आणि एक लिटर पाण्यात, २५ अंशाला, मावेल तेवढा विरघळला तरी ६ मिलीच्या आत, वजनात सांगायचं तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी तापलं की अजून कमी. एवढ्याशा साठ्यावर मासा जगतो कसा तर कल्ल्यात पाणी एका बाजूने वाहतं आणि रक्त बरोबर उलट्या बाजूने, त्यामुळे रक्तापेक्षा पाण्यात ऑक्सिजन शेवटपर्यंत थोडा जास्तच राहतो आणि आत शिरत राहतो. चांगल्या पाण्यात मासा असा ७०-८० टक्के पण काढून घेतो, आपली फुप्फुसं हवेतला पाव हिस्सा जेमतेम घेतात. इतकी वर्षं मासे पाळतोय तरी मला याचं नवल वाटतं.

आता कार्बन डायऑक्साइड, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. रात्रभर सगळे सोडतायत आणि घेणारं कुणी नाही, तो पाण्यात साठतो आणि पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. पाण्यातच साठलाय म्हटल्यावर माशाच्या रक्तातून बाहेर पडणार कसा, आणि रक्तात वाढला की हिमोग्लोबिनला ऑक्सिजन नीट धरता येत नाही. म्हणजे पहाटे ऑक्सिजन पण कमी आणि तो पकडायची ताकद पण कमी, दुहेरी मार आहे हा. पीएच पहाटे ७.५ आणि दुपारी ९ असा झुलत असेल तर शेवाळ जास्त झालंय असं धरा. मीटर नसेल तर हात पाण्यात घाला, कोपर बुडायच्या आधीच तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार दाट आहे.

आणि मोरचूद टाकून शेवाळ एकदम मारायचा विचार असेल तर कृपा करून नको. मी ते केलंय. श्रावणातले ढगाळ दिवस होते, शेवाळ मेलं, कुजलं, कुजवणाऱ्या जिवाणूंनी उरलासुरला ऑक्सिजन संपवला आणि दुसऱ्या पहाटे मोठे कटले सगळे उलटे. बारकी पिल्लं वाचली, आणि कुठून तरी आलेल्या दोन मरळ वाचल्या कारण मरळ हवेतून श्वास घेते. कटला-रोहूला ते जमत नाही, हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ थरात थोडा जास्त ऑक्सिजन असतो तेवढा ओढायला ते वर येतात. मोठे आधी गेले आणि बारके राहिले तर बहुतेक वेळा ऑक्सिजनच समजायचं.

आजपासून खाद्य दोन-तीन दिवस बंद, शेण अजिबात नको. एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळायचं यंत्र, असेल तर रात्री अकरापासून उजाडेपर्यंत चालवा, नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. बोअरचं पाणी पाइपने थेट तळाशी सोडू नका, जमिनीखालच्या पाण्यात बऱ्याचदा ऑक्सिजन फार कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, त्याला आधी हवा लागू द्या. शेतीची लाईट रात्री कधी जाईल भरवसा नाही म्हणून डिझेल इंजिन काठावर तयार ठेवा. उद्या चार वाजता टॉर्च घेऊन जा, मासे काठाला गोळा झालेत का बघा, टॉर्च मारल्यावर पण खाली जात नसतील तर तिथेच पंप सुरू करा, उजाडायची वाट बघू नका.