उत्तर: शेतकरी आता फोन घेत नाहीत, काय करू?

तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं प्रकरण आठवलं. तुमच्याकडे परवाना होता, हरणाला टॅग (मारलेल्या जनावराला लावायची परवान्याची चिठ्ठी) लावलेला होता, हंगाम चालू होता. तरी पेट्रोल पंपावर एका बाईंनी तुमच्या पिकअपमधल्या हरणाचा फोटो काढला, तो गावभर फिरला आणि ज्यांच्या रानात तुम्ही शिकारीला जात होता ते आता फोन घेत नाहीत. परवाना-प्रशिक्षण वगैरे तुम्हाला माहीत आहेच, त्यात शिरत नाही. मी वकील नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत, त्यामुळे कायद्याचं आपापलं बघून घ्या.

वन्यजीव खात्याकडून 'सगळं कायदेशीर होतं' असं पत्र आणून शेतकऱ्याला दाखवायचं म्हणताय ना? तो नाद सोडा. माझा अख्खा हंगाम त्यात गेला. माझ्या बाबतीत तर हरीणही माझं नव्हतं. कुणीतरी डोकं कापून शिंगं नेली होती आणि धड बांधावर टाकून दिलं होतं. रानाच्या मालकांना वाटलं, मीच. माझ्या शिकारीची नोंद वन्यजीव खात्याच्या कार्यालयात तारखेसकट होती. त्यांनी मालकांना एक फोन केला असता तर विषय मिटला असता. खिडकीवरचा माणूस म्हणाला, तक्रार जमीनमालकाने करायची असते. मालक म्हणाले, मी कशाला करू? मग कार्यालय म्हणे, परक्याच्या जमिनीत घुसखोरी असेल तर पोलिसांकडे जा. पोलीस म्हणे, वन्यप्राण्याचा विषय आहे, तिकडेच जा. पत्र आलं ते हंगाम संपल्यावर, आणि त्यात एकच ओळ: आपल्या नावावर कोणतेही उल्लंघन आढळले नाही. तोवर रान शिकाऱ्यांच्या दुसऱ्या टोळीला भाड्याने गेलं होतं.

आणि खरं सांगायचं तर ते पत्र वेळेत आलं असतं तरी फरक पडला नसता. मालकांची नात सकाळी स्कूल बसची वाट बघत उभी होती, तेव्हा ते धड तिच्यासमोर होतं. त्यांच्या रागाचा कायद्याशी संबंधच नव्हता.

आपल्या शिकारी मंडळींना हेच कळत नाही. कुणी नाक मुरडलं की लगेच १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा काढतात: रायफली, शॉटगन, काडतुसांवर ११ टक्के कर, तो पैसा वन्यजीवांवर खर्च होतो वगैरे. खरंच आहे ते. पण पंपावरच्या बाईंना कर दिसत नाही, बाहेर लोंबणारी जीभ दिसते. शिकार न करणारे बहुतेक लोक आपले विरोधक नसतात. खाण्यासाठी केलेली शिकार त्यांना चालते, शिंगांसाठी म्हटलं की पाठिंबा घसरतो. आणि मतदान तेच करतात! कॅलिफोर्नियात माउंटन लायनच्या (प्यूमा, तिकडचं मोठं रानमांजर) शिकारीवर १९९० मध्ये बंदी आली ती लोकांच्या मतांनी. कोलोरॅडोत १९९२ मध्ये अस्वलांची वसंतातली शिकार बंद झाली, आमिष आणि कुत्रे वापरणंही बंद झालं, तेसुद्धा मतपेटीतूनच. उलटं उदाहरण तेव्हाचा अमेरिकेचा अध्यक्ष थिओडोर ऊर्फ 'टेडी' रूझवेल्टचं. १९०२ मध्ये झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्याने नकार दिला आणि त्यातून टेडी बेअर जन्मला. ते जखमी अस्वल पुढे त्याच्याच सांगण्यावरून सुरीने संपवलं गेलं, पण लोकांच्या लक्षात नकार तेवढा राहिला.

आता कामाचं. हरणावर ताडपत्री हवीच. टेलगेट (पिकअपची मागची फळी) बंद, हरणाचे पाय बाहेर नकोत. पंपावर किंवा दुकानात शिरण्याआधी वरचा शर्ट बदला, हात धुवा, रानात लपण्यासाठी चेहऱ्यावर लावलेला रंग पुसा. कमरेची सुरी गाडीत ठेवा. भगवं जॅकेट मात्र रानात अंगावर हवंच. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला तुम्ही लपून बसलेले वाटत नाही. फोटो काढायचाच असेल तर रक्त पुसून, जीभ आत घालून काढा. जनावरावर पाय देऊन किंवा स्वार होऊन मुळीच नाही. माझ्या मते तर काढूच नका, पण हे माझं मत. काही जण चिडतील.

शेतकऱ्याकडे समक्ष जा, साध्या कपड्यांत, हंगाम नसताना. सफाई देऊ नका. काय खटकलं ते विचारा आणि मधे न बोलता ऐकून घ्या. मांसाची पाकिटं न विचारता नेऊ नका, घरात कुणाला आवडत नसेल तर उलटंच होतं. कुंपण दुरुस्तीला हात लावतो म्हणालात तर ते जास्त चालतं. पुन्हा परवानगी मिळालीच तर पहिलं वर्ष मित्रांना बरोबर नेऊ नका. त्यांनी टाकलेल्या रिकाम्या काडतुसांचं खापरही तुमच्याच डोक्यावर फुटेल.